ह्रास्तोव्ल्ये : तटबंदीतले चर्च आणि त्याचे खोरे

बुधवार, कोपर

स्लोव्हेनियाला लाभलेला समुद्रकिनारा पन्नास किलोमीटरांचाही नाही, आणि त्या चिमुकल्या किनाऱ्यावरचे सर्वांत मोठे शहर म्हणजे कोपर. ल्युब्ल्यानाहून निघालेली आमची बस बराच वेळ क्रास नावाच्या चुनखडीच्या पठारावरून, खुरट्या झाडांच्या आणि दगडी गडग्यांच्या सोबतीने चालली होती. मग पठार एकाएकी संपले, समोर उंच कडा आला आणि त्याखाली हिरव्या टेकड्या, त्यांच्या पलीकडे एड्रियाटिक समुद्र व बंदरातल्या क्रेन एकदमच दिसू लागल्या. या कड्याला इथे ‘क्राश्की रोब’ म्हणतात. वरचा भाग चुनखडीचा, पाणी गिळून टाकणारा आणि कोरडा आहे. खालचा भाग वाळूखडक आणि चिकणखडकाच्या थरांचा, पाणी धरून ठेवणारा आणि सुपीक आहे. पुढच्या दिवसांत आम्ही जे काही पाहिले त्याचे मूळ या एका भूगर्भीय सीमारेषेत आहे, म्हणून तिचा उल्लेख आरंभीच केलेला बरा.

इकडे येणारे बहुतेक प्रवासी पिरान या किनाऱ्यावरच्या जुन्या गावी मुक्काम करतात, आणि पिरान सुंदर आहे यात वाद नाही. आम्हांला मात्र ह्रास्तोव्ल्ये हे आतल्या बाजूचे, शे-दीडशे वस्तीचे गाव पाहायचे होते आणि कोपरहून ते वीसेक किलोमीटरांवरच असल्याने आम्ही इथेच राहिलो. कोपर हे पूर्वी बेट होते. भोवतालची मिठागरे व उथळ पाणी भरून काढल्यावर ते मुख्य भूमीला जोडले गेले. १२७९ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ, त्यावर व्हेनिसची सत्ता होती. मुख्य चौकातला प्रेटोरियन राजवाडा, त्यासमोरची लोजा, म्हणजे कमानदार उघडा मंडप, आणि शेजारचे कॅथेड्रल पाहताना आपण स्लाव्ह देशात आहोत याची आठवण रस्त्यांच्या पाट्याच करून देतात, आणि त्या पाट्याही स्लोव्हेनियन व इटालियन अशा दोन्ही भाषांत असतात. कॅथेड्रलमध्ये व्हेनिसचा चित्रकार व्हित्तोरे कार्पाच्चो याने १५१६ मध्ये रंगवलेले मरिया व संतांचे मोठे चित्र आहे. कसबी हाताचे, श्रीमंत नगराने पैसे मोजून करून घेतलेले ते काम आहे. दुसऱ्या दिवशी खेड्यातली भित्तिचित्रे पाहताना त्याची आठवण उपयोगी पडली, कारण दोहोंमध्ये काळाचे अंतर केवळ २६ वर्षांचे आहे आणि दृष्टीचे मात्र फार मोठे.

गुरुवार, ह्रास्तोव्ल्ये

ह्रास्तोव्ल्येला जाणाऱ्या बसगाड्या मोजक्याच असल्याने सकाळी टॅक्सी केली. रस्ता रिझाना नदीच्या खोऱ्यातून वर चढतो. दोन्ही बाजूंना द्राक्षवेली आणि ऑलिव्हच्या बागा होत्या. एप्रिल असल्यामुळे वेलींना नुकतीच पालवी फुटत होती, आणि बांधांवर वाकून रानटी शतावरीचे कोंब खुडणारी माणसे दिसत होती. या दिवसांत इथल्या प्रत्येक खाणावळीत हे कोंब अंड्यांबरोबर परतून मिळतात. चवीला किंचित कडू असतात, पण दुसऱ्या घासापासून आवडू लागतात.

गाव दृष्टीस पडते तेव्हा आधी चर्च दिसत नाही, भिंत दिसते. गावालगतच्या एका उंचवट्यावर करड्या दगडांचा तट आहे, त्याच्या कोपऱ्यांत दोन गोल बुरूज आहेत आणि तटाच्या वरून घंटेचा मनोरा तेवढा डोकावतो. एखादी लहान गढी असावी असाच पहिला ग्रह होतो. हा तट सोळाव्या शतकातला आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ऑटोमन स्वारांच्या टोळ्या क्रास पठारावर आणि त्याखालच्या इस्त्रिया या द्वीपकल्पात धाडी घालू लागल्या होत्या; धान्य, गुरे आणि माणसे उचलून नेली जात. अशा वेळी गावकऱ्यांनी आत शिरून दरवाजा लावून घ्यावा यासाठी हा तट बांधला गेला. याला आणखी एक कारण होते. व्हेनिसची इस्त्रिया आणि ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याचे क्रास यांच्यामधली सरहद्द याच परिसरातून जात होती, आणि सरहद्दीवरच्या गावांच्या नशिबी नेहमी दोन्हींकडचे सैनिक येतात.

तटाच्या दारातून आत गेल्यावर चर्चची इमारत अपेक्षेपेक्षा पुष्कळच लहान निघते. पवित्र त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना, वाहिलेल्या या चर्चची बांधणी रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीच्या वळणाची आहे आणि छपरावर कौलांऐवजी दगडी फरश्या आहेत. क्रासवरून सुटणारा ‘बुर्या’ नावाचा ईशान्येचा वारा इतका जोरकस असतो की या भागात छपरांना दगडाचेच वजन लागते. हे चर्च स्वतंत्र धर्मग्रामाचे (पॅरिशचे) मुख्य चर्च नाही, तर एका मोठ्या धर्मग्रामाच्या अखत्यारीतले उपचर्च आहे. तरीही गावाच्या दृष्टीने पाहिले तर जन्म, लग्न, मरण, पीकपाणी आणि संकट या सर्वांचे ठिकाण शतकानुशतके हेच होते, आणि तट बांधायची वेळ आली तेव्हा तो यालाच बांधला गेला.

आत अंधुक उजेड होता. एक मध्यमवयीन बाई तिकिटे देत होत्या. आम्ही बाकांवर बसल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रित माहिती सुरू केली आणि मग काही मिनिटे कोणीच बोलले नाही. दगडी खांबांच्या दोन ओळींनी आतल्या जागेचे तीन पट्टे पाडले आहेत, पूर्वेला वेदीमागे तीन अर्धवर्तुळाकार कोनाडे आहेत, आणि भिंती, कमानी, छत, कोनाडे यांपैकी जवळजवळ कोणताच पृष्ठभाग कोरा सोडलेला नाही. ही चित्रे कास्ताव गावच्या यानेझने १४९० मध्ये पूर्ण केली. कास्ताव हे आज क्रोएशियात, रियेकाजवळ आहे. चित्रकाराचे नाव, वर्ष आणि चित्रे करवून घेणाऱ्या तोमिच व्रहोविच याचे नाव हे सारे चर्चमधल्या लेखातूनच कळते, आणि खेड्यातल्या मध्ययुगीन कलाकृतीबद्दल इतकी माहिती मिळणे हे दुर्मीळच म्हटले पाहिजे. भिंतींवर लॅटिनखेरीज ग्लागोलितिक लिपीतलीही अक्षरे आहेत. नवव्या शतकात स्लाव्ह भाषांसाठी घडवलेली ही लिपी बहुतेक ठिकाणी मागे पडली, परंतु इस्त्रियाच्या आणि शेजारच्या किनाऱ्याच्या कॅथलिक धर्मगुरूंनी ती शतकानुशतके वापरात ठेवली.

चित्रे वाचण्याचा एक क्रम आहे. मधल्या पट्ट्याच्या छतावर बायबलमधली उत्पत्तीची कथा आहे : सृष्टीची निर्मिती, आदाम आणि एवा, त्यांची स्वर्गातून हकालपट्टी, मग काइन आणि आबेल. उत्तरेच्या भिंतीवर बाल येशूच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांचा लांबलचक लवाजमा आहे. त्यातले घोडे, टोप्या आणि झगे बेथलेहेमचे नसून सरळ पंधराव्या शतकातले आहेत. कोपरला उतरलेले व्यापारी आणि सरदार चित्रकाराने पाहिले असतील तसे. दक्षिणेच्या भिंतीवर वरच्या बाजूस ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे प्रसंग आहेत, आणि त्यांच्या खाली, उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर, ज्याच्यासाठी हे गाव जगाला माहीत आहे ते मृत्यूचे नृत्य आहे.

उघड्या कबरीपाशी आसनावर मृत्यू बसला आहे. त्याच्याकडे एक मिरवणूक येते आहे आणि तिच्यात आळीपाळीने एक माणूस आणि एक सापळा अशी जोडणी आहे. प्रत्येक सापळ्याने आपापल्या माणसाचा हात धरला आहे. पोप आहे, राजा आणि राणी आहेत, कार्डिनल, बिशप आणि मठवासी संन्यासी आहेत, धनिक आहे, लंगडा भिकारी आहे आणि लहान मूलही आहे. सापळे हसतमुख आहेत, किंबहुना त्यांच्या चालीत एक प्रकारचा उत्साहच आहे. माणसे मात्र नाइलाजाने पावले टाकताना दिसतात. धनिक आपली थैली पुढे करून सुटका विकत घेऊ पाहतो आहे, पण त्याच्या सोबत्याला त्या व्यवहारात रस नाही. १३४८ च्या महामारीनंतर हा विषय युरोपभर रंगवला गेला, आणि प्लेगच्या साथी इस्त्रियाला पंधराव्या शतकातही सोडत नव्हत्या. याच भागातल्या, आज क्रोएशियात असलेल्या बेराम गावच्या चर्चमध्ये विन्सेंट या दुसऱ्या कास्तावकर चित्रकाराने १४७४ मध्ये मृत्यूचे नृत्य रंगवले होते. म्हणजे ह्रास्तोव्ल्येच्या चित्राला जवळचीच परंपरा होती.

मृत्यूपुढे राव आणि रंक सारखेच, असा या चित्राचा अर्थ सर्वत्र सांगितला जातो आणि तो चुकीचा नाही. पण बराच वेळ पाहत राहिल्यावर माझ्या मनात एक वेगळा विचार आला. मृत्यूच्या सर्वांत जवळ पोप आहे, त्यामागे राजघराणे, मग चर्चचे अधिकारी, मग पैसेवाले, आणि भिकारी व मूल शेवटी. समतेची ही मिरवणूकसुद्धा मानाच्या क्रमानेच चालली आहे! चित्रकाराला दुसरा क्रम सुचला नसेल, किंवा बाकांवर बसणाऱ्या शेतकऱ्यांना तो पटला नसता. कदाचित त्यात थोडी मौजही असेल, कारण पहिला मान ज्याचा त्याचीच पाळी पहिली, हे मागे उभ्या असलेल्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिले नसेल. कार्पाच्चोच्या चित्रातली मंडळी कितीही भक्तिभावाने उभी असली तरी ती एकमेकांना शोभणाऱ्या दर्जाची आहेत. तिथे लंगड्या भिकाऱ्याला हात धरून कोणी आणणार नाही.

निघताना तिकिटे देणाऱ्या बाईंशी थोडे बोलणे झाले. त्यांच्या आईने लहानपणी हे चर्च पाहिले तेव्हा भिंती पांढऱ्या होत्या, असे त्या म्हणाल्या. ते खरेच आहे. मधल्या शतकांत ही सारी चित्रे चुन्याच्या गिलाव्याखाली गेली होती आणि १९४९ मध्ये याच गावात जन्मलेल्या योझे पोह्लेन या शिल्पकार-चित्रकाराला ती गवसली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. ज्या गिलाव्याने चित्रे लोकांच्या विस्मृतीत घातली त्यानेच मेणबत्त्यांच्या काजळीपासून आणि हातांच्या घर्षणापासून त्यांचे रक्षण केले. रंग आज जितके ताजे दिसतात त्याचे बरेचसे श्रेय या दुर्लक्षाला द्यावे लागेल.

शुक्रवार, पुन्हा ह्रास्तोव्ल्ये आणि पोदपेच

काल लक्ष मृत्यूच्या नृत्यावरच राहिले आणि बाजूच्या पट्ट्यांची छते नीट पाहायची राहिली, म्हणून आज दरवाजा उघडण्याच्या वेळीच पुन्हा तिथे गेलो. त्या छतांवर वर्षाचे महिने आहेत. प्रत्येक महिन्याला एक काम किंवा एक प्रसंग नेमून दिला आहे, आणि शेतकऱ्याचे वर्ष डोक्यावरून फिरत राहते. मार्गदर्शक पुस्तिका या चित्रांना दोन-तीन वाक्यांत उरकतात. माझ्या मते मात्र हे चर्च नीट कळायचे असेल तर आधी मान वर करून हे महिने पाहावेत आणि मग भिंतीवरच्या सापळ्यांकडे वळावे. मृत्यूची चित्रे युरोपात अनेक ठिकाणी आहेत, आणि ती पाहून भीती किंवा विनोद यांपैकी काहीतरी मनात येते. पण त्यांच्याच वर वर्षभराची मेहनत चितारलेली असली की त्या मिरवणुकीत आपल्याला कोण कोण ओळखीचे आहे हे बाकावर बसलेल्या माणसाला समजत असेल. वेलींची निगा, धान्य, गुरे, थंडीतली शेकोटी हा ज्यांचा दिनक्रम होता त्यांच्यासाठी ही चित्रे काढली होती, आणि त्यातल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते.

चर्चजवळ गाढवासह निघालेल्या शाव्रिन्केचा पुतळा आहे, तो पोह्लेननेच घडवला. शाव्रिन्का म्हणजे कोपरच्या मागच्या टेकड्यांतली बाई. पुरुष शेतात किंवा परगावी असताना या बायका इस्त्रियाच्या आतल्या खेड्यापाड्यांत फिरून अंडी गोळा करत, बदल्यात सुया, दोरे, मिठासारख्या वस्तू देत, आणि ती अंडी गाढवावर लादून किंवा डोक्यावर घेऊन पायी त्रिएस्ते या आज इटलीत असलेल्या बंदराच्या बाजारात नेऊन विकत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर आखल्या गेलेल्या सीमांनी त्रिएस्ते आणि त्याचा आतला प्रदेश यांत रेघ ओढली. भिंतीवरच्या मिरवणुकीत अशी एखादी बाई नाही. १४९० च्या चित्रकाराला राणी सुचली, अंडी विकणारी सुचली नाही. गावच्या मुलानेच पुढे ती उणीव भरून काढली, असे म्हणायला हरकत नाही.

दुपारी पोदपेचला गेलो. हे गाव कड्याच्या अगदी पायथ्याशी आहे आणि त्याच्या डोक्यावर, खडकाला पाठ लावून, जुन्या किल्ल्यातला एक एकाकी चौकोनी बुरूज उभा आहे. गावातून तिथे जाणारी पायवाट चढणीची असली तरी लांब नाही. वर पोचल्यावर खोऱ्याची रचना नकाशासारखी उलगडते : खाली ह्रास्तोव्ल्येचा तट आणि मनोरा, त्याच्या भोवती शेतांचे लहान तुकडे, डावी-उजवीकडे टेकड्यांच्या माथ्यांवर वसलेली गावे, आणि पाठीमागे पांढरा कडा, ज्याच्या कपारींत मोठी शृंगी घुबडे वस्ती करतात. धाडी कुठून येत असतील आणि त्यांची खबर कोण कोणाला देत असेल हे इथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही. ह्रास्तोव्ल्येचा तट त्या खोऱ्यातून पाहिला तर गढीसारखा वाटतो, पण इथून तो एका मोठ्या साखळीतली शेवटची, सर्वांत साधी कडी आहे : ज्यांना वरच्या बुरुजापर्यंत पळता येत नव्हते त्यांच्यासाठी बांधलेली.

परतीच्या वाटेवर कुबेदला थोडा वेळ थांबलो. तिथल्या संत फ्लोरियनच्या चर्चचा घंटामनोरा पाच बाजूंचा आहे आणि तोही संरक्षणाच्या बुरुजातूनच आलेला आहे. उन्हे उतरत होती, चर्च बंद होते, म्हणून बाहेरूनच पाहून निघालो.

रात्री एका घरगुती खाणावळीत बोबिची खाल्ले. मका, बटाटे आणि घेवड्याचे हे दाट सूप इस्त्रियाच्या शेतकऱ्याचे खाणे, पोटभर आणि स्वस्त. मूळ पाककृतीत डुकराच्या मांसाचा तुकडा असतो. शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावे. सोबत माल्वाझिया ही इथली पांढरी वाइन मिळते; लाल हवी असेल तर रेफोश्क.

शनिवार, रिझाना आणि चर्नी काल

रिझाना नदीचा उगम पाहायला मुद्दाम जावे असे दृश्य तिथे नाही, पण उगमाची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे. कड्यावरच्या चुनखडीत पावसाचे पाणी मुरते, जमिनीखालून वाहते आणि पाणी न झिरपणारा खडक आडवा आला की बेझोवित्सा गावाजवळ झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. १९३५ पासून किनाऱ्यावरच्या गावांना याच झऱ्याचे पाणी नळाने पुरवले जाते. नदीची लांबी चौदा किलोमीटरांच्या आसपास, तरीही या प्रदेशाच्या इतिहासात तिचे नाव मोठे आहे. इसवी सन ८०४ मध्ये तिच्या काठी एक सभा भरली होती. फ्रँक सम्राट शार्लमेनने पाठवलेल्या तीन प्रतिनिधींपुढे इस्त्रियाच्या नगरांतून आणि गढ्यांतून निवडलेल्या १७२ माणसांनी शपथेवर तक्रारी मांडल्या : ड्यूक योहानेस कर स्वतःच्या खिशात घालतो, आमच्याकडून वेठबिगार करून घेतो, सामायिक राने आणि कुरणे बळकावतो, आमच्या जमिनींवर स्लाव्ह लोक आणून बसवतो, शिवाय बिशपही कमी नाहीत. ड्यूकला कबुली देऊन सुधारणेचे वचन द्यावे लागले. या सभेचा लेखी वृत्तान्त टिकून आहे, आणि या भागातल्या स्लाव्ह वस्तीच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांत त्याची गणना होते. तक्रारीतले ते आगंतुक म्हणजे आजच्या गावकऱ्यांचे पूर्वज, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. धनिकाची थैली, बिशपचा मुकुट आणि राजाचा राजदंड यांना मृत्यूच्या दारात उभे करण्यामागे या खोऱ्याचा किती जुना अनुभव असावा, याचा अंदाज त्या वृत्तान्तावरून येतो.

शेवटी चर्नी काल. कड्याच्या कुशीतल्या या गावात संत व्हॅलेंटाइनच्या चर्चचा मनोरा स्पष्ट दिसण्याइतका कललेला आहे, आणि लोक त्याचेच फोटो काढतात. मला त्याहून मोलाचे वाटले ते गावातले बेन्कोचे घर. त्याच्यावर १४८९ हे साल कोरलेले आहे आणि साल नोंदवलेले स्लोव्हेनियातले सर्वांत जुने शेतकरी घर म्हणून ते ओळखले जाते. म्हणजे कास्तावचा यानेझ ह्रास्तोव्ल्येत परांची बांधून मृत्यूची मिरवणूक रंगवत असण्याच्या सुमारास इथे एक शेतकरी आपल्या दाराजवळ साल कोरून घेत होता. चर्च पाहून झाल्यावर हे घर अवश्य पाहावे. त्या काळचा माणूस केवळ मरणाचाच विचार करत होता, असा जो समज चित्रांमुळे होतो तो इथे थोडा सैल पडतो.

गावाजवळून महामार्गाचा पूल जातो. १०६५ मीटर लांबीचा आणि ९५ मीटर उंचीवर असलेला हा पूल २००४ मध्ये सुरू झाला, आणि तेव्हापासून कोपर बंदराची वाहतूक खोऱ्यात न उतरता वरच्या वरच निघून जाते. १९६७ मध्ये बंदरासाठी टाकलेली रेल्वे मात्र कडा उतरताना मोठे वळण घेत ह्रास्तोव्ल्येजवळून येते. तिला पर्याय म्हणून दिवाचा ते कोपर असा २७ किलोमीटरांचा नवा मार्ग बांधायला घेतला गेला, आणि त्याचा बहुतेक भाग बोगद्यांतून जातो. ह्रास्तोव्ल्येला जाणाऱ्याने या वेगवान रस्त्यांच्या भरवशावर राहू नये. कोपरहून सकाळी गाडी करावी, चर्चच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात, आणि दुपार पोदपेचच्या बुरुजासाठी राखून ठेवावी.